आमेन माझ्याकडे

आमच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना ह्यांची आणि आमेन माझं. ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला झाली. ह्यांनी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली आणि शेवटी गप्प बसले. मी वाट बघतेय, हेही वाट बघतायत, भात निवतोय. शेवटी एक डोळा किलकिला करून म्हणाले, "अगं, आमेन तू म्हणायचंस. मागणाऱ्याने आपल्या मागण्याला आपणच हो म्हणायचं नाही, ऐकणाऱ्याने म्हणायचं. आणि त्याआधी घास उचलायचा नाही. आमच्या घरात असंच आहे." तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती.

पुढे गंमत गेली. हे नळदुरुस्तीचं काम करायचे. दिवसभर कुणाच्या तरी सिंकखाली वाकलेले, कुणाशी फार बोलणं नाही. सगळं बोलणं देवासाठी राखून ठेवायचे आणि ते नेमकं माझ्या गरम जेवणावर काढायचे. आधी आभार. मग लेक, मग जावई, ज्याचं नाव ह्यांना कधी पटकन आठवलं नाही. मग ज्यांचे नळ दुरुस्त केले ती माणसं: तिसऱ्या मजल्यावरची एकटी म्हातारी, बायको सोडून गेलेला बेकरीवाला. अगदी शेवटी मी. माझ्यापाशी आले की आवाज खाली यायचा.

मी लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून आलेली, पाय सुजलेले, पोटात कावळे ओरडतायत. माझं आमेन म्हणजे सुटले बाई एकदाची! "देव बहिरा नाही हो," मी म्हणायचे, "आणि तुमच्याइतका रिकामाही नाही." हे नुसते हसायचे. देवाशी माझं भांडण नव्हतं, पण जाणं-येणंही नव्हतं. ते खातं ह्यांच्याकडे.

मग ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे एक सोडून सगळे शब्द गेले. राहिला तो 'वायसर'. नळाच्या आत बसवतात ना, ती रबराची चकती. पाणी हवं, वायसर. उशी सरकव, वायसर. लेक भेटायला आली तर तिच्या डोक्यावरून डावा हात फिरवत, "वायसर, वायसर." डॉक्टर म्हणाले, असं होतं, आत सगळं समजतं पण बाहेर एवढंच येतं. मला इतका संताप आला! म्हटलं, देवा, ठेवायचाच होता तर एखादा धड शब्द ठेवायचास. माझं नाव ठेवायचंस. निदान तुझं तरी ठेवायचंस.

घरी आणल्यावर पहिल्याच जेवणाला ह्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, बोटांत बोटं अडकवली आणि डोळे मिटले. "वायसर. वायसर, वायसर..." थांबेचनात. माझ्याने ऐकवेना. मी ताटाकडे बघत बसले, ते गप्प झाले तसं आमेन म्हटलं आणि भरवायला घेतलं.

काही दिवसांनी आमचे पाळकसाहेब भेटायला आले. पोरसवदा माणूस, मनाने फार चांगला. मी जेवायला थांबवून घेतलं. ह्यांनी हात जोडले, "वायसर, वायसर" सुरू झालं आणि पाळकसाहेब कावरेबावरे झाले. त्यांना वाटलं, म्हातारा उगाच धडपडतोय, त्याची सुटका करावी. मध्येच म्हणाले, "आमेन, आमेन. काका, तुम्ही दमू नका, मी करतो प्रार्थना." आणि केली. सुरेख केली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वर आमेनही स्वतःच म्हणून टाकलं.

ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या जेवणाला एक घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी हात जोडलेच नाहीत. "अहो, करा ना सुरू," मी म्हटलं. तोंड घट्ट मिटलेलं. आता वायसरसुद्धा नाही. चमचा ओठांना लावला की मान फिरवायचे. प्रार्थनेशिवाय ह्या माणसाने जन्मात घास उचलला नव्हता आणि आपली प्रार्थना आता प्रार्थना राहिली नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. लेकीने समजावलं. मी सांगितल्यावर पाळकसाहेब धावत येऊन माफी मागून गेले. ह्यांनी त्यांचा हात थोपटला, पण खाल्लं काही नाही. पाण्याचे घोट तेवढे घेत होते. गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल आणि ती तरी सोसेल की नाही कोण जाणे. समोर वाफाळतं ताट आणि माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरत होता.

त्या दुपारी मी ताट आणून आपटलंच. म्हटलं, ठीक आहे, मी करते. डोळे मिटले. "देवबापा, जेवणाबद्दल आभार." पुढे काय म्हणायचं, कुणाला ठाऊक! "आभार कसले मानू तुझे? रोज तुझं नाव घेणारं तोंड तू बंद केलंस आणि माझं चालू ठेवलंस, जे भांडण्यापलीकडे कशाला वापरलं नाही. काही कळतं का तुला? मी एकटी काय करू?" देवाला असं बोलले मी, जेवणाच्या टेबलावर! मग शब्द संपले आणि रडू आवरेना. काहीतरी मागायचं होतं, आतड्यापासून मागायचं होतं, आणि त्याला शब्द सापडत नव्हता. तेव्हा तोंडातून निघालं ते निघालं. "वायसर," मी म्हटलं. "देवा, वायसर. वायसर."

समोरची खुर्ची करकरली. हे डाव्या हाताने उजवा हात उचलत होते.

"वायसर," ह्यांनी सुरुवात केली. या वेळी मी डोळे मिटूनच ऐकलं. चाल तीच होती हो! आभाराला चढणारा आवाज तोच. मग लेक. मग जावयापाशी तेच अडखळणं. म्हातारी झाली, बेकरीवाला झाला आणि आवाज खाली आला. "वायसर," अगदी हळू. ती मी होते. इतकी वर्षं ह्या जागी मी जेवण निवतंय का ते बघत बसले होते. आणि पहिल्यांदाच मला वाटलं, खोलीत आम्ही दोघंच नाही. कुणीतरी ऐकतंय, माझं भांडणही त्याने ऐकलंय, आणि ह्यांचा एकेक वायसर त्याला कळतोय. हे थांबले. मी आमेन म्हटलं. ह्यांनी तोंड उघडलं.

तो हिवाळा आम्ही असेच जेवलो. आधी मी माझ्या मोडक्यातोडक्या शब्दांत बोलायचे, मग हे. लाँड्रीतल्या बायका माझ्या प्रार्थनेत आल्या. आमची मुकादमीणसुद्धा आली, जिचं नाव घेताना अजून माझे दात आवळले जातात. कधी कधी इस्त्री करतानाही मी त्याच्याशी बोलायला लागले. हिवाळा सरता सरता दुसरा झटका आला आणि हे गेले.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि शेवटी थांबून माझ्याकडे पाहिलं. आमेन माझ्यासाठी ठेवलं होतं. मी म्हटलं, कसंबसं.

सगळे आपापल्या घरी गेल्यावर मी एकटीपुरता भात केला आणि बसले. रिकामी खुर्ची समोर. डोळे मिटले. आभार मानले. लेक, जावई, म्हातारी, बेकरीवाला, कुणाला सोडलं नाही. शेवटी आवाज खाली आला आणि हे मला जिथे ठेवायचे, तिथे मी ह्यांना ठेवलं. नाव घेववेना. "वायसर," म्हटलं.

मग थांबले. मागितलं मी होतं, आता आमेन ऐकणाऱ्याचं. घरात आवाज नाही, भात निवत चाललेला. मी बराच वेळ वाट बघितली. मग म्हटलं, ऐकलंयस ना? तुला जमेल तेव्हा म्हण. आणि घास उचलला.