उंदरांच्या पिठाची पिशवी

परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बुधाजी उंदरांना खायला घालायचा. स्वीट-पी नावाच्या फुलझाडाच्या बिया दळून ते पीठ कोवळ्या उंदरांच्या खाण्यात मिसळायचं. थोड्याच आठवड्यांत त्यांचे कणे वाकायचे. डॉक्टर पद्मजाबाई तो वाक मोजून वहीत लिहायच्या. बुधाजीच्या बोटांना मात्र तो न मोजताच कळायचा.

छपन्नच्या जानेवारीत एका सकाळी नायगावच्या चाळीत त्याची तेरा वर्षांची कौसल्या वाकून लादी पुसत होती. पाठीची उजवी बाजू वर आलेली. बुधाजीने तिच्या कण्यावरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं.

"सुंदरा, भाकरीचं पीठ कशात ठेवतेस?" त्याने बायकोला विचारलं.

"तुम्ही आणलेल्या पिशवीत. धुतली होती की मी."

पिशवी प्रयोगशाळेतली होती, उंदरांच्या पिठाची.

संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलेलं, गोळीबार झालेला, बस बंद. सुंदरा दारात आडवी आली. "पोरीला घेऊन कुठं निघालात?"

"उंदीर उपाशी असतील," तो म्हणाला. खरं कारण तोंडातून निघेना.

गल्ल्यागल्ल्यांतून, फुटक्या काचा चुकवत दोघं परळला पोचली. पद्मजाबाईही दादरहून चालतच आल्या होत्या. बुधाजीने सगळं एका दमात सांगितलं. "बाई, माझ्या हातून झालं का हे?"

त्यांनी कौसल्याची पाठ बराच वेळ पाहिली. "पिशवी कधी नेलीत?"

"दिवाळीला."

"हा वाक त्याआधीचा आहे, बुधाजी. आणि धुतलेल्या पिशवीने असं होत नाही."

"मग कशानं झालं?" कौसल्याने विचारलं.

"ते अजून कुणालाच ठाऊक नाही, बाळ. म्हणून तर उंदरांचे कणे वाकवून बघतो."

"ते परत सरळ होतात?"

बाईंनी मान हलवली. नाही.

शहर सुरळीत झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी कौसल्याला प्लास्टरचं जाकीट घातलं. दहा महिने. वाक गेला नाही, वाढायचा थांबला.

बुधाजीचा हात मात्र त्या पिंजऱ्यांत जाईना. त्याने सशांच्या खोलीत काम मागून घेतलं. बाईंनी ते लगेच दिलं.

कौसल्याने विचारलं. "मग उंदरांना आता कोण बघतं?"

"आहे एक नवा माणूस."

"त्याला सांगा बाबा, उचलताना पाठीखाली हात देत जा म्हणावं. दुखतं."