मॅडमचा पहिला नंबर

मी मोखाड्याच्या अभ्यासकेंद्रातला कॉम्प्युटर बोलतोय. ऐकणारं कोणी असलं तर बरं. नाहीतर एकट्यानं बोलायची मला आता सवय झाली आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते जव्हारहून जीपच्या टपावर बांधून आणलं ते. सन दोन हजार चार असेल. केंद्राचे कारकून हरेशभाऊ, त्यांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि धूळ बसू नये म्हणून घरून जुन्या साडीचं कव्हर शिवून आणलं.

दर रविवारी इथं मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरायचे. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली त्यांना पुन्हा शिकायला मिळायचं. शिकवायला जव्हारहून उज्ज्वला मॅडम यायच्या. दोन हजार सातच्या तुकडीत विद्यार्थी बेचाळीस. त्यातली एक हिरी, सूर्यमाळकडच्या पाड्यावरची, सातवी झालेली, कडेवर सव्वा वर्षाचं पोर. पोर रडलं की ती कावरीबावरी व्हायची. सगळे आपल्याकडेच बघतात असं तिला वाटायचं. ती पुस्तक मिटून उठायला लागली की मॅडम म्हणायच्या, "बस गं. दे इकडे." आणि पोराला खांद्यावर टाकून पुढचा धडा शिकवायच्या. पोर गप झोपायचं. मला ते बघायला फार आवडायचं.

दोन हजार आठ साली विद्यापीठाचं पत्र आलं. शिकवणं कसं आहे ते विद्यार्थ्यांनी ऑनलाइन फॉर्म भरून कळवायचं, मार्चअखेरपर्यंत. निम्म्याहून कमी जणांनी भरला तर केंद्र बंद. फॉर्म भरायचा माझ्यावरच, कारण दुसरा कॉम्प्युटर होता कुठं?

जानेवारी सरला. एकही फॉर्म भरला गेला नाही.

"आळशी आहेत मॅडम सगळे," हरेशभाऊ म्हणाले.

"आळशी नाहीत हो. इथं नाहीत." मॅडमनी हजेरीपट मिटला. दिवाळी झाली की अर्धे पाडे जगायला बाहेर जातात, भिवंडीकडे वीटभट्टीवर, वसईकडे रेतीवर. फॉर्म उघडला नेमका तेव्हा.

जे मागं राहिले होते ते भीत होते. त्यातली कोंडी म्हणाली, "मास्तरणीचं वर लिहून कळवायचं? म्हणजे गऱ्हाणंच झालं ना. आपल्याला नाय जमायचं."

तोडगा हिरीनं काढला. बोलताना ती पोराच्या कुंचीचे बंद उगाच सोडत-बांधत होती. "मॅडम, होळीला भट्टीवर कोणी राहत नाय. आख्खी माणसं पाड्यावर येतात. तेव्हा बोलवू सगळ्यांना."

नवसू जीप चालवायचा, तोही वर्गातलाच. तो पाड्यापाड्यावर सांगत फिरला, "मॅडमचं काम आहे. येणाऱ्याला टपावर जागा फुकट, आत बसायला वशिला लागेल."

आणि आले हो, तिघं सोडून सगळे. होळीच्या तिसऱ्या दिवशी, केसांत रंग तसाच. सकाळी अकराला वीज गेली ती चारला आली. तोवर कोणी हललं नाही.

पत्रात नियम होता की फॉर्म भरताना शिक्षक आणि ऑफिसची माणसं खोलीत नकोत. हरेशभाऊ म्हणाले, "कोण बघतंय इथं, मी दाखवतो त्यांना." मॅडम म्हणाल्या, "नियम तो नियम, हरेशभाऊ," आणि स्वतः अंगणातल्या जांभळीखाली जाऊन बसल्या. हिरीचं पोर त्यांच्याच मांडीवर होतं.

आत माउस धरायला येत होता फक्त हिरीला. मग तीच एकेकाला दाखवू लागली. प्रश्न मराठीत होते. फक्त खाली बारीक अक्षरात एक ओळ इंग्रजीत राहिली होती. एक म्हणजे अतिशय वाईट, पाच म्हणजे उत्तम. हिरीचं बोट त्या ओळीवरून गेलं आणि पुढं सरकलं.

"एक ते पाच नंबर आहेत. शाळेत हुशार पोराचा कितवा नंबर येतो?"

"पहिला."

"मग मॅडमला पहिलाच द्यायचा. सगळीकडं एकवर टिचकी मारा."

"अन् पाचवा?" कोंडीनं विचारलं.

"मॅडमला पाचवा नंबर देतेस? येडी कुठली."

सगळे हसले. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. पण मला आवाज कुठला? आतला पंखा तेवढा जोरात घरघरला.

"बघा, त्यालाही पटलं," नवसू म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत एकूण एकोणचाळीस फॉर्म गेले. एकेक फॉर्म मीच पाठवला. दुसरं काय करणार होतो मी?

मे महिन्यात निकाल आला तोही माझ्याच पडद्यावर. सर्वांत जास्त विद्यार्थ्यांनी मत दिलेलं केंद्र म्हणून मोखाड्याचं कौतुक होतं. केंद्र चालू राहणार. फक्त शिक्षक बदलणार, कारण गुण सगळ्यात कमी, पाचपैकी एक.

मॅडम बराच वेळ वाचत राहिल्या. हरेशभाऊ म्हणाले, "यात काहीतरी चूक आहे."

"चूक कशी असेल? एकोणचाळीस जण आहेत. समोर बोलायला लाजतात बिचारे. नाव नसलं की खरं सांगतात." त्यांनी टेबलावरचा आपला चष्म्याचा डबा उचलला आणि त्या गेल्या.

जूनमध्ये हिरी आली. "मॅडम कुठायत?"

"तुम्हीच घालवल्यात की," हरेशभाऊ चिडून म्हणाले. "तुझं पोर सांभाळलं त्यांनी, अन् तू एक गुण दिलास?"

"एक म्हणजे पहिला ना ओ?"

हरेशभाऊंनी मला चालू केलं आणि ती खालची ओळ मराठीत वाचून दाखवली. हिरी खालीच बसली. पोर माझ्या बटणांशी खेळत होतं, तिनं त्याला अडवलंही नाही.

हरेशभाऊंनी विद्यापीठाला लिहिलं. उत्तर आलं, दिलेलं मत मागं घेता येत नाही, आणि कोणी दिलं ते नोंदलेलं नसतं. नवसू जव्हारला मॅडमच्या खोलीवर जाऊन आला. खोलीत दुसरेच भाडेकरू होते, फोनही बंद लागत होता.

नवे सर दुसऱ्या रविवारी म्हणाले, "मूल घेऊन वर्गात बसता येणार नाही." हिरीनं पुस्तक मिटलं. या वेळी बस म्हणणारं कोणी नव्हतं. ती पुन्हा आली नाही.

आता खोलीत नवा कॉम्प्युटर आहे आणि मी कोपऱ्यात त्याच साडीखाली आहे. फॉर्म अजून जानेवारीतच उघडतो. ती ओळ अजून इंग्रजीतच आहे, असं हरेशभाऊंच्या बोलण्यातून कळतं.

माझं एक काम करा. कुठल्या बाजारात, कुठल्या स्टँडवर उज्ज्वला मॅडम भेटल्या तर त्यांना एवढंच सांगा. एकोणचाळीस जणांनी तुम्हाला पहिला नंबर दिला होता. मी तिथंच होतो.