चौथं मिनिट

आईनं प्लग उपटायला सुरुवात केली ती फ्रिजपासून. दूध फाटलं, भाजी सडली, आणि बेबीनं दोन दिवस फ्रिज बनवणाऱ्यांचा उद्धार केला. मग मिक्सर बंद पडला. मग कॉम्प्युटर गेला, आणि त्याच्याबरोबर बेबीचं सकाळभराचं भाषांतर. अडवायला गेलं की आई हात चावायची. चावून वर म्हणायची, "चोर कुठली. लोकांच्या वाटा अडवतेस."

जिच्या तोंडून जन्मात 'गाढवा'पलीकडे शिवी ऐकली नव्हती, ती आई ही. बावन्न वर्षांची बेबी बाथरूमचं दार लावून लहान मुलीसारखी रडायची.

आईला सांभाळायला येणाऱ्या बाईंनीही आज सकाळी हात टेकले. "ताई, म्हातारं माणूस आहे, मी समजून घेते. पण परवा माझा चार्जर उपटला, काल माझं माप काढलं, आज हात उगारला. शनिवारपर्यंत येते. मग दुसरी कोणी बघा."

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या दादानं एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. स्वच्छ, डॉक्टर हाताशी, आणि एकच खाट रिकामी. आज पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बेबीनं मनातल्या मनात 'हो' म्हणून टाकलं होतं. वैताग होता, थकवा होता, आणि ज्या आईनं वाढवलं तिचाच राग राग करण्याची लाजही होती.

दुपारी चारला आई पुन्हा फ्रिजपाशी. बेबी धावली, तोवर प्लग आईच्या हातात. आईनं तो ओढून फेकला नव्हता. दोन बोटांत धरून अलगद काढला होता आणि हळूच खाली सोडला होता. बेबी ओरडायला तोंड उघडून तशीच उभी राहिली. प्लग असा काढताना तिनं आईला पूर्वी पाहिलं होतं.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सुट्टीत एकदा ती बेबीला घेऊन गेली होती. उंच स्टूल, समोर भिंतभर भोकांचा बोर्ड, बाया ओळीनं बसलेल्या, कानाला यंत्रं, आणि हात असे चाललेले की बघणाऱ्याला धाप लागावी. आईनं समजावलं होतं, "हा लाल दिवा लागला की बोलणं संपलं. लगेच भोकातला दोरीचा प्लग अलगद काढायचा. नाही काढला तर पुढच्या माणसाची वाट अडते." बेबीनं तेव्हा ठरवून टाकलं होतं, की जगात कोण कोणाशी बोलणार ते तिची आई ठरवते.

बेबीनं भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे पाहिलं. फ्रिजच्या बटणाशेजारी लाल ठिपका पेटला होता. मिक्सरच्या बटणाशी तोच. कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शनवर तोच, बाईंच्या चार्जरवर तोच. शेजारी ठेवलेल्या रेडिओला दिवा नव्हता, आणि त्याला आईनं कधी बोटही लावलं नव्हतं.

"अगं बाई," बेबी स्वतःशीच म्हणाली. "तू ड्यूटीवर आहेस होय."

तिनं हत्यारांच्या डब्यातून काळी चिकटपट्टी काढली आणि घरातला एकूण एक लाल ठिपका झाकला. आई मागून मागून फिरली, प्रत्येक बोर्डाशी थांबली, आणि शेवटी खुर्चीत जाऊन बसली. हात मांडीवर ठेवून, ड्यूटी संपल्यासारखी.

पाचला पाच कमी असताना दादाचा फोन आला. एरवी फोन दिसला की आई झडप घालून तो बंद करायची. आज बेबीनं फोन सरळ तिच्या हातात दिला. स्पीकर चालू केला आणि अदबीनं म्हणाली, "ऑपरेटर, मला माझ्या भावाशी बोलायचंय."

आईचा कणा ताठ झाला. "लाइन लागली आहे," ती म्हणाली. आवाज तोच, चाळीस वर्षांपूर्वीचा, इस्त्री केलेला. "बोला. तीन मिनिटं."

पलीकडे दादा 'तीन मिनिटं' एवढंच पुटपुटला. दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती. बाबा दूरच्या धरणाच्या कामावर असायचे. त्यांचा रविवारचा ट्रंक कॉल आईच जोडून द्यायची, आणि स्वतः एक शब्द न बोलता तिसरं मिनिट संपताच तोडायचीही. एकदा बेबी शर्यतीत पहिली आल्याचं सांगत होती. बाबा म्हणाले, "मग? मग काय झालं?" आणि खट्. आई घरी आल्यावर बेबीनं थयथयाट केला. एक मिनिट जास्त दिलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? आई पदरानं मान पुसत एवढंच म्हणाली होती, "मागे लोक थांबलेले असतात, बेबी. कोणाचं लेकरू आजारी असतं."

"दादा, वृद्धाश्रमाला नाही म्हणून कळव," बेबी म्हणाली. मग लाल दिव्यांचं सगळं सांगितलं, भराभर, घड्याळावर डोळा ठेवून.

"आज पट्टी लावलीस. उद्या आणखी काही काढेल. तेव्हा काय लावशील?"

"ते मला नाही माहीत. पण ती वेडगळपणा करत नव्हती रे. काम करत होती."

"बेबी, तू थकलीयेस. हे मी..."

"तीन मिनिटं झाली," आई म्हणाली.

पन्नाशी ओलांडलेली दोन पोरं जागच्या जागी चिडीचूप झाली. आईचं बोट लाल बटणावर गेलं. बेबीनं डोळे मिटून घेतले.

खट् झालं नाही. डोळे उघडले तेव्हा आई खिडकीबाहेर, रिकाम्या रस्त्याकडे बघत होती.

"बोला," ती म्हणाली. "मागे कोणी थांबलेलं नाही."

बेबीला चौथ्या मिनिटाची सवयच नव्हती. पलीकडे दादानं नाक ओढलं.

"कळवतो त्यांना नाही म्हणून," तो म्हणाला. "आणि बेबी, त्या शर्यतीचं... मग काय झालं?"