काचेतून दिसलेलं दफन

तेलविहिरीच्या रिगवर बुसिंगे आमच्याबरोबर खाली चिखलात उभा राहून पाइप जोडायचा, तेव्हा आम्ही त्याला आराली म्हणायचो, तो मला अतेनी. आमच्यात जन्मनाव वेगळं, मायेनं हाक मारायचं वेगळं. पुढे तो ड्रिलर झाला, यंत्र चालवायला वर काचेच्या केबिनमध्ये बसू लागला आणि आमच्या तोंडून ते नाव हळूहळू सुटलं. थट्टामस्करी खालीच राहायची. वरून त्याला नुसती आमची हलणारी तोंडं दिसायची.

त्या वर्षी रिग बुलिसात उभी राहिली, त्याच्या आत्याच्या कुरणाला लागून. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. पण कामाच्या पाळीचे आठवडे संपेपर्यंत कुंपणाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. म्हातारी आत्या गाई सोडायला आली की काचेकडे बघून हात हलवायची. तोही हलवायचा.

"अतेनी, उन्हात काच चमकते," तो एकदा मला म्हणाला. "तिला मी दिसत असेन का रे?"

"ती काय तू दिसतोस म्हणूनच हात करते होय?" मी म्हणालो.

ती गेली. निरोप फाटकावर आला. दुपारी पुरणार होते. दुसरा ड्रिलर मलेरियानं होइमाच्या दवाखान्यात पडलेला. साहेब म्हणाले, "मी बसतो तासभर. तू जाऊन ये."

त्यानं हात धुतले, माझ्याकडे धुतलेला शर्ट मागितला.

"देतो, पण तुझं पोट मावेल का त्यात?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. तो मात्र हसला, बऱ्याच दिवसांनी.

जिना निम्मा उतरला असेल, तोच पाइप अडकला. खोल खालच्या चिकणमातीनं धरलाच. तारा ताणल्या, रिग कण्हायला लागली. अडकलेला पाइप सोडवणं साहेबांच्या हातचं नव्हतं, तरी त्यांनी त्याला हाक मारली नाही. तो आपणच थांबला. क्षणभर कुंपणाकडे पाहिलं आणि परत वर चढला.

मग ओढायचं, सैल सोडायचं, फिरवायचं, पुन्हा ओढायचं. पलीकडे झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली आत्या पुतण्यांनी उचलली. बायका रडत असणार, पण इंजिनाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. माणसं एकेक करून माती टाकत होती. त्यानं एकदाच मान वळवली, मग पुन्हा समोरच्या तबकड्यांच्या काट्यांवर नजर लावली.

पाइप सुटला तेव्हा उन्हं कलली होती. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि आम्हा दोघांना फाटकाबाहेर सोडलं.

आत्याच्या मुलीनं, काबाहुमानं, स्टूल पुढे केलं. "आलास?"

"पाइप अडकला होता."

"हं." तिनं कबरीकडे पाहिलं. "आई रात्री तुझ्या रिगचा आवाज ऐकत पडून असायची. म्हणायची, माझा आराली काम करतोय. जरा बंद पडला की मला उठवायची, बघ गं, काय झालं त्याला."

त्यानं मान डोलावली. कबरीवर मूठभर माती घातली, हात झटकला नाही.

परतताना म्हणाला, "अतेनी, निम्मा वेळ तो आवाज माझा नव्हताच. दुसरा असायचा वर. मी झोपलेलो."

"काबाहुमाला सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

आमच्या खोलीत पत्ते रंगले होते. तो दाराशी घुटमळला.

"ये की, बस," मी म्हणालो.

पोरं साहेब आल्यासारखी सावरून बसली. कुणीतरी रेडिओ बारीक केला.

"नको, सकाळी पाळी आहे," तो म्हणाला आणि ड्रिलरला मिळते त्या एकट्याच्या खोलीकडे निघून गेला.