सावरायचे पाच सेकंद

चौदाव्यांदा घंटा दरीत पडली, तशी ताईने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि विचारलं, "कोणी सोडला दोर?" हेडफोन काढल्यावर विचारण्यात काही अर्थ नव्हता. मग तो परत चढवून तिने तोच प्रश्न दुप्पट आवाजात विचारला.

दर रविवारी दुपारी तीन वाजता ही तीन भावंडं तीन शहरांतून या ऑनलाइन खेळात भेटायची. ताई लिफ्ट दुरुस्त करायची, मधला भाऊ तरणतलावावर पोहायला शिकवायचा आणि धाकटा टिल्लू एका हॉटेलात स्वयंपाकी होता. टिल्लू आता दाराच्या चौकटीला डोकं आपटेल इतका उंच झाला होता, पण एकदा चिकटलेलं नाव सुटतंय कुठे! फोनवर 'जेवलास का, झोपलास का' दोन मिनिटांत संपतं. खेळात तासभर मनसोक्त भांडता येतं, म्हणून ही सोय.

मोहीम ऐकायला सोपी. एक भलीमोठी घंटा दरीच्या या काठावरून त्या काठावर न्यायची. घंटेला तीन दोर, प्रत्येक दोराला एक माणूस आणि प्रत्येकाची अरुंद वाट वेगळी. मध्येच वारा सुटतो आणि कुणाचातरी पाय घसरतो. घसरलेल्याला सावरायला पाच सेकंद मिळतात. तेवढा वेळ बाकीच्या दोघांनी आपापला दोर घट्ट धरून उभं राहायचं, बस्स. पण दोन महिने झाले तरी दर रविवारी ये रे माझ्या मागल्या.

आणि आता रविवारही उरले नव्हते. बुधवारी टिल्लू जहाजावर रुजू होणार होता. सहा महिने समुद्र, खेळण्यापुरतंही नेट नाही. ताईला हे जहाज प्रकरण मुळीच पटलं नव्हतं. आई गेली तेव्हा टिल्लू सात वर्षांचा होता आणि तेव्हापासून त्याच्या बुटाच्या नाड्यांपासून नोकरीच्या अर्जांपर्यंत सगळं तिनेच पाहिलं होतं. मंगळवारच्या गाडीचं तिकीटही तिने काढून ठेवलं होतं, त्याच्या खोलीवर जाऊन बॅग भरून द्यायला. टिल्लू तीनदा "नको" म्हणाला होता. ते एका कानाने आत आणि दुसऱ्याने बाहेर. पण भांडण तसंच ठेवून पोरगा निघून गेला तर सहा महिने आपल्या घशाखाली घास उतरणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी सगळे डाव रेकॉर्ड केलेत," मधला म्हणाला. "बघू या?"

"हरलेलं काय बघायचं? जखमेवर मीठ!"

"तलावावर मी पोरांना दाखवतो. पाण्यात आपण नक्की काय करतो, ते हातपाय मारणाऱ्याला कधी कळत नाही."

बघितलं. दोनदा मधल्याचं लक्षच नव्हतं. एकदा त्याची मांजर कीबोर्डवर बसली होती. मग राहिले अकरा डाव, आणि त्या अकराही डावांत एकच प्रकार. टिल्लूचा पाय घसरतो. ताईचा खेळातला सैनिक हातातला दोर टाकून "टिल्लूऽ" करत त्याच्या दिशेने धावत सुटतो. मध्ये दरी आहे याचंही त्याला भान नसतं. सगळा भार उरलेल्या दोन दोरांवर जातो आणि घंटा खाली.

"तो पडत होता म्हणून गेले ना मी!" ताई म्हणाली.

"मी पडत नव्हतो, ताई," टिल्लू म्हणाला. तो चिडलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "पाय घसरला होता. पाचातला एकच सेकंद गेला होता. तू दोर सोडलास म्हणून पडलो."

ताई उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तहान नसताना दोन पेले पाणी प्यायली. आधी संताप आला. याच्यासाठी आपण हाडाची काडं केली आणि हा आपल्याला दोर शिकवतो! मग तिला काम आठवलं. तिथे ती लिफ्टच्या टपावर उभी असायची आणि जोडीदार वर मशीनच्या खोलीत. त्यांचा नियम एकच. तिने "खाली घे" म्हटलं की तो आधी "खाली घेतो" म्हणणार आणि मगच बटण दाबणार. शब्द परत आला नाही तर कुणीही हात हलवायचा नाही. एकदा वायरलेस बिघडला, तेव्हा ती त्या अंधाऱ्या पोकळीत वीस मिनिटं मुकाट्याने उभी राहिली होती. जोडीदारासाठी वीस मिनिटं थांबणाऱ्या बाईला भावासाठी पाच सेकंद थांबता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ताईला लाज वाटली, अगदी सरळ लाज.

ती परत येऊन बसली. "ऐका. काय झालं ते ज्याचं त्याने बोलायचं. ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं. तोवर कुणी जागा सोडायची नाही."

"हे काय, लिफ्टवाल्यांचे नियम?" टिल्लू हसला.

"लिफ्टवाल्यांचेच. आमच्याकडे अजून कुणी पडलेलं नाही."

पंधरावा डाव सुरू झाला. अर्ध्या वाटेवर वारा सुटला.

"घसरलो!" टिल्लू ओरडला.

"घसरलास," ताई म्हणाली. डाव्या हाताचं बोट तिने दोराच्या बटणावर तसंच दाबून ठेवलं. उजवा हात माउसकडे निघाला, तसा तिने तो सरळ मांडीखाली दाबून धरला. एक. दोन. तीन. बुटाच्या नाड्या बांधून द्यायलासुद्धा इतका वेळ लागत नव्हता. चार.

"सावरलो!"

"सावरलास," ताई म्हणाली, आणि मांडीखालचा हात बाहेर काढला.

घंटा पुढे गेली, पूर्वी कधीच गेली नव्हती इतकी पुढे. पलीकडचा काठ दोन पावलांवर आला आणि मधला घसरला. अर्धं आयुष्य पाण्याखाली श्वास कोंडून काढलेला माणूस, तो घसरतानाही तोंड मिटूनच घसरला. कुणाला कळायच्या आत घंटा दरीत. तिघंही पोट धरून हसले. दोन महिन्यांत हरल्यावर कुणी हसल्याचं ताईला आठवत नव्हतं.

"सोळावा डाव मी आल्यावर," टिल्लू म्हणाला. चार वाजता त्याची हॉटेलातली शेवटची पाळी होती. "दोनच पावलं राहिलीत. दादाला तोवर बोलायला शिकव."

मधला गेला. टिल्लू मात्र थांबला होता.

"ताई," तो म्हणाला. "बॅग मी भरतोय."

फ्रिजवर मंगळवारचं तिकीट लावलेलं होतं. खाली खुर्चीत लोकरीच्या मोज्यांचे सहा जोड, पोटदुखीच्या गोळ्या आणि सुईदोरा, सगळं मांडून तयार. ताईने एकदा तिकडे पाहिलं आणि मनात पाचपर्यंत मोजलं.

"बॅग तू भरतोयस," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी दोर धरलाय."

"धरलायस," टिल्लू म्हणाला, आणि पाळीवर गेला.