सात नंबरचं चॅनेल

“नऊ नंबर, बटण सोडा! अहो नऊ नंबर, अंगठा काढा त्या बटणावरचा!”

आत्या खुर्चीत बसून घसा फोडत होती, पण काय उपयोग? वॉकी-टॉकीचं एक आहे. आपण बटण दाबून धरलं की आपल्याला कुणाचं काही ऐकू येत नाही आणि आपलं मात्र साऱ्या जगाला ऐकू जातं. त्यामुळे त्या संध्याकाळी अख्खी गल्ली कान टवकारून नऊ नंबरच्या घरातला संसार ऐकत होती. “तुमच्या बहिणीला काय जातंय बोलायला? चार दिवस तुमच्याबरोबर राहून दाखव म्हणावं!” मग काहीतरी आपटलं, कुणीतरी खाकरलं आणि बटण एकदाचं सुटलं.

“नऊ नंबर हजर,” बाई मधाळ आवाजात म्हणाल्या. “ओव्हर.”

“कळलं,” आत्या म्हणाली. “सगळ्यांनाच कळलं. ओव्हर.”

भिंतींना कान असतात म्हणतात. ह्या गल्लीने ते विकतच आणले होते. कारणही तसंच होतं. गल्ली चढावर, दोन्ही बाजूंना घरं, आणि वर्षातले कितीतरी दिवस धुकं असं की समोरचं दार दिसू नये. मागच्या वादळात वीज गेली, फोन मुके झाले आणि चार नंबरचे आजोबा जिन्यावरून घसरून सकाळपर्यंत तसेच पडून राहिले. जगले बिचारे, पण गल्लीला ते लागलं. तेव्हा परवाना लागत नाही असे छोटे सेट प्रत्येक घराने घेतले, आणि ते वापरायला शिकवायचं कुणी म्हटल्यावर सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. तिची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन, समोर तारांचं जंजाळ, आणि लोकांची लग्नं, भांडणं, मरणं एकमेकांना जोडून देणं. स्वतःचं लग्न तेवढं जोडायचं राहिलं. भाच्यांची आत्या होती, ती हळूहळू गल्लीची झाली.

तिने शिकवलंही कडक. अँटेना सरळ धरा, माइक ओठांना लावू नका, तो काय आइस्क्रीमचा कोन नाही. बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. आपला नंबर सांगा. ‘ओव्हर’ म्हणा, अंगठा उचला. आणि रोज दिवेलागणीला एक नंबरच्या चॅनेलवर हजेरी. गल्लीत एक निवृत्त बसड्रायव्हर होता, त्याला सगळे कप्तान म्हणत. तो पहिल्या दिवसापासून असा बोलायचा की जणू जहाजच हाकतोय.

हजेरीत फक्त अकरा नंबर बोलायचा नाही. अकरा नंबरमध्ये मास्तर एकटे राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्यांच्यासाठी आत्याने युक्ती काढली होती. दोनदा बटण दाबायचं. खट, खट. म्हणजे हो, आहे. एकदा दाबलं तर नाही.

पुढे काय झालं ते कुणी ठरवून केलं नाही. एका संध्याकाळी हजेरी संपल्यावर आत्याने सहज विचारलं, “मास्तर, जेवलात का?” खट, खट. “बरं वाटतंय ना?” खट, खट. मग गल्लीसमोर हे बरं दिसत नाही म्हणून ती म्हणाली, “सात नंबरच्या चॅनेलवर या.” ते आले. तेव्हापासून रोज यायचे. आत्या दिवसभराचं सगळं सांगायची, पूर्वीच्या एक्स्चेंजमधले किस्से सांगायची, आणि पलीकडून ते हो किंवा नाही म्हणायचे. कधी विनोद आवडला तर खटाखट बटण दाबत सुटायचे, तेच त्यांचं हसणं. रस्त्यात भेटले की मात्र दोघंही नुसती मान हलवून पुढे. आत्याची जीभ समोरासमोर चालायचीच नाही. आयुष्यभर तोंड न दिसणाऱ्या माणसांशी बोलली होती ती. तोंड दिसलं की शब्द पळायचे.

आणि कान तिचा असा तयार की विचारू नका. सेटवर कुणी बटण दाबलं की खरखर थांबते आणि क्षणभर पलीकडची खोली उघडते. बोललं नाही तरी खोली ऐकू येते. नऊ नंबरच्या खोलीत कायम टीव्ही. कप्तानाच्या खोलीत पंख्याची कुरकुर. मास्तरांच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते, असं ती म्हणायची, आणि लोक हसायचे.

त्या दिवशी धुकं सकाळपासून हललंच नाही. नऊ नंबरचं सगळं ऐकून झाल्यावर आत्या हजेरी पुढे घेऊ लागली. दहा नंबर हजर. “अकरा नंबर?” ती म्हणाली.

काही नाही. खरखर.

“अकरा नंबर? मास्तर?”

खट, खट.

आत्याच्या जिवात जीव आला. त्या बटणामागे घड्याळ नव्हतं, पत्र्याचं काहीतरी सरकलं होतं, हे तिच्या कानाने टिपलं. पण मनाने म्हटलं, असेल, स्वयंपाकघरात असतील. मन ते मन. त्याला त्या दिवशी दुसरंच काही सुचत होतं. गेले कित्येक दिवस ती एक वाक्य घोळवत होती आणि आज म्हणायचंच असं तिने ठरवलं होतं. आंघोळ करून नीट साडी नेसून बसली होती, वेडी. सेटवर साडी कुणाला दिसतेय!

हजेरी संपली. तिने चॅनेल सातवर नेलं.

“मास्तर, आलात?”

बराच वेळ खरखर. मग खट, खट.

“आज मी किस्सा सांगणार नाही. एक विचारायचंय. माझ्याकडे खालची खोली रिकामी आहे. उजेड चांगला येतो, चित्रं काढायला बरी. तुम्ही एकटे, मी एकटी. दोन घरं, दोन चुली, दोन कुलपं... कशाला? लोक काय म्हणतील ते म्हणू देत. आपण एकत्र राहूया का? घाई नाही. ओव्हर.”

तिने अंगठा उचलला. सेटमधून नुसती खरखर येत राहिली. खिडकीबाहेर धुकं काचेला टेकलं होतं. आत्या वाट बघत होती. एकदा वाटलं, सेट बंद करावा आणि उद्या म्हणावं की बॅटरी गेली होती.

मग खरखर थांबली. खट. आणि सावकाश, जणू विचार करून, खट.

आत्या हसली, रडली, तोंडावर पदर घेतला. मग तिच्या अंगावर हळूच काटा आला. त्या दोन खटक्यांमागे खोलीच नव्हती. घड्याळ नाही, पत्रा नाही, पंखा नाही. बंद दाराआड माणूस असला तरी काहीतरी ऐकू येतं; हे तसं नव्हतं. इतकी रिकामी शांतता तिने एक्स्चेंजच्या इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती.

“मास्तर, कुठून बोलताय?” तिने विचारलं आणि स्वतःच्या प्रश्नालाच घाबरली. ह्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये येणार कसं? पलीकडून काहीच आलं नाही.

सकाळी एक नंबरच्या चॅनेलवर कप्तान बोलला. “आत्या, अकरा नंबरला या. मास्तर गेले.” एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा तो ‘ओव्हर’ म्हणायला विसरला.

बेकरीवाला पाव द्यायला गेला, तर कालची पिशवी दाराला तशीच लटकलेली. कडी तोडून दार उघडलं. मास्तर आतल्या खोलीत चित्राच्या फळीसमोर, खुर्चीत. डॉक्टर बघून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, “काल सकाळीच गेलेत. झोपेत जावं तसे. दुपार काही बघितलेली नाही त्यांनी.”

कुणीतरी आत्याला पायरीवर बसवलं. “काल सकाळी?” ती परत परत विचारत होती. “सकाळी कसे? नीट बघा हो डॉक्टर. काल संध्याकाळी ते बोललेत माझ्याशी.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. त्या दिवशी मास्तरांना नेईपर्यंत तिच्याशी कुणी धड बोललं नाही.

संध्याकाळी दार वाजलं. बेकरीवाल्याची सून उभी होती, मास्तरांच्या शेजारच्या घरातली. डोळे सुजलेले. आत आली आणि आत्याच्या पायाशीच बसली.

“आत्या, मला मारा. हजेरीला मीच दाबलं बटण, आमच्या सेटवरून.”

“तू?”

“पिशवी दाराला दिसली मला. वाटलं, झोपलेत. तुम्ही दोनदा हाक मारलीत, आवाज असा कापला तुमचा... म्हटलं, ह्या आता असल्या धुक्यात चढण चढून येणार, गुडघे धरून. म्हणून मी दाबलं. आधीही एकदोनदा दाबलंय, ते अंघोळीला गेले असले की. मी गेले असते तर... निदान दार तरी...”

तो ट्रे होता म्हणजे, आत्याला कळलं. बेकरीचा पत्र्याचा ट्रे. तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. राग यायला हवा होता, पण येईना. एकमेकांचं बरं बघायला म्हणून सेट आणले, आणि बरं बघता बघताच हे झालं. कुणाला बोल लावणार?

“ते सकाळीच गेले होते गं. तू गेली असतीस तरी काय होणार होतं,” ती म्हणाली. मग ती पुढे वाकली. “मला एकच सांग. खरं सांग, मी काही म्हणणार नाही. नंतर सातवरही तूच होतीस ना?”

पोरीने मान वर केली. “सातवर?”

“सात नंबरच्या चॅनेलवर. हजेरी झाल्यावर.”

“नाही हो आत्या! सातवर कुणीच जात नाही.” ती ओशाळली. “सगळ्यांना माहीत आहे ते तुमचं दोघांचं आहे म्हणून. कप्तानांनी दम दिलाय गल्लीला, सातवर कुणी कान लावला तर सेट काढून घेईन म्हणून. मुलांची शपथ, मी नव्हते.”

गल्लीला माहीत होतं, ह्याची लाज वाटायलाही आत्याला सवड मिळाली नाही. मग सातवर होतं कोण?

हजेरी त्या दिवशीही घेतली तिने. दहा नंबर झाला, आणि ती थांबली. अख्खी गल्ली थांबली. मग ती म्हणाली, “बारा नंबर,” आणि कुणीतरी हजर म्हटलं.

नंतर तिने चॅनेल सातवर नेलं. खरखर. ती स्वतःला समजावत होती: हे सेट उघडे असतात, दुकानदार म्हणालाच होता, त्याच चॅनेलवर कुणीही येऊ शकतं. चढावरून जाणारा ट्रकवाला असेल, टवाळ पोरं असतील. असेल. तिने बटण दाबलं. एक श्वास थांबली. “मास्तर, कालचं ते...” आणि पुढचे शब्द गिळून अंगठा उचलला. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर कालचं ‘हो’ही कुणा परक्याचं ठरणार. आणि आलं तर? आलं तर आपण ह्या खोलीत एकटीने रात्र कशी काढायची? पाचावर धारण बसली तिची. तिने सेट बंद केला आणि दिवा चालूच ठेवून पडून राहिली. झोप काही आली नाही. पडल्या पडल्या तिला एवढं मात्र कळलं, की भीती वाटते आहे तरी ते ‘हो’ तिला कुणाला परत द्यायचं नाही.

सकाळी मास्तरांचा पुतण्या आला, दुसऱ्या गावाहून. धुकं विरलं होतं. आत्या चढण चढून अकरा नंबरला गेली. बेकरीवाल्याची सून हात धरायला होती, मागे कप्तान. पुतण्या दारातच उभा होता. भला माणूस दिसत होता, दमलेला, एवढ्या अनोळखी माणसांना काय बोलावं हे न सुचलेला.

“काका एकटेच असायचे असं ऐकून होतो,” तो आत्याला म्हणाला. “आपण त्यांच्या कोण?”

आत्याचे शब्द पळाले, नेहमीसारखे. ते पाहून बेकरीवाली पटकन पुढे झाली. “ह्या आमच्या गल्लीच्या...”

आत्याने हाताने तिला थांबवलं. एक श्वास घेतला. त्या माणसाच्या थेट तोंडाकडे बघितलं.

“आमचं ठरलं होतं,” ती म्हणाली.

कप्तान खाली बघू लागला. पुतण्याने दार पूर्ण उघडलं आणि तो स्वतः बाजूला झाला.

“बाहेर का उभ्या मग, काकू?” तो म्हणाला. “आत या.”

सगळ्यांची आत्या होती ती. काकू तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि बेकरीवालीचा हात सोडून ती आत गेली.