बोटभर पानं

आईला वाचता येत नाही, म्हणजे तिला पुस्तक कळत नाही, असं मी धरून चालले होते. शहाणी ना मी!

२००३चा मे महिना. महाळुंगे पडवळच्या आमच्या घराच्या पडवीत आई आणि शेजारच्या गोजरबाई मावशी बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या आणि मी त्यांना कादंबरी सांगत होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला समकालीन साहित्य आणि चित्रपटाचा पेपर होता. त्यासाठी नेमलेली ही तुर्की कादंबरी. इंग्रजीत वाचायची आणि जमेल तशी मराठीत सांगायची, असा माझा अभ्यास चालायचा. परीक्षा संपली तरी गोष्ट अर्धीच राहिली होती, आणि या दोघी मला सोडायला तयार नव्हत्या.

गोष्टीतली मुलगी जर्मनीत कारखान्यात कामाला जाते. मागे गावात ऑलिव्हच्या बागेत तिची विधवा आई एकटी.

"पोरीला रजा देत न्हाईत व्हय?" गोजरबाईंचा मुलगा चाकणला कंपनीत होता, त्यामुळे या विषयात त्यांना गती होती.

त्या दिवशी मी शेवटापाशी आले आणि माझी जीभ अडखळली. कादंबरीत मुलगी पोचते तेव्हा आई गेलेली असते. पण याच कादंबरीवरच्या सिनेमाची सीडी आम्हाला कॉलेजात दाखवली होती, त्यात आई दारात उभी असते आणि मुलगी बसमधून उतरते. मी बेधडक सिनेमाचा शेवट सांगून टाकला. गोजरबाईंनी डोळे पुसले, शेंगांची टरफलं झटकली आणि त्या घरी गेल्या.

"अजून बोटभर पानं हाईत," आई म्हणाली.

"ती अशीच आहेत. माहितीची."

"आन त्यात ते पाकीट बी हाय. हैदराबादचं. हौशीराम पोस्टमननं सांगितलं मला. आठ दिस वाट बघतेय, आज सांगशील, उद्या सांगशील."

माझं तोंड उतरलं. हैदराबादच्या विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता, एक जुलैला हजर व्हायचं होतं. वडील मी सातवीत असतानाच गेलेले. घरात आम्ही दोघीच. हिला एकटीला टाकून जायचं कसं, हे कोडं मला सुटत नव्हतं, म्हणून पत्र पुस्तकात आणि मी गप्प.

"आधी गोष्ट पुरी कर. खरी."

मघाचा शेवट सिनेमातला होता, हे मी कबूल केलं आणि पुस्तकातला वाचून सांगितला. मरायच्या दिवशी ती बाई सकाळी बागेत जाते, दोन पोती ऑलिव्ह उतरवते, शेजारणीशी भांडते, दुपारी तिलाच जेवायला बोलावते आणि झाडाखाली आडवी होते ती उठत नाही. वाचता वाचता मला रडू आलं. परीक्षेत मी या शेवटावर चार पानं लिहिली होती, जागतिकीकरणात तुटलेली आई वगैरे.

आईच्या हातातल्या शेंगा थांबल्या नव्हत्या. "मग रडतीस कशाला? चांगली गेली की. काम केलं, भांडली, जेवली."

"पण एकटी होती गं."

"शेजारीण व्हती ना. तुमच्या त्या सिनेमातली बाई मला न्हाई पटली. सारखी दारात उभी! तिला काय कामंधामं न्हाईत?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी बी काय तुझ्यासाठी दारात उभी राहनार न्हाई. लई काम असतं मला. जा तू."

जून संपता संपता मी निघाले. आईनं घरातच माझ्या तोंडावरून हात फिरवला, पाटी घेतली आणि शेताला गेली. गोजरबाई मला स्टँडवर सोडायला आल्या आणि माझ्यापेक्षा जास्त रडल्या.

एसटी आमच्या शेतावरून जाते. आई भुईमूग टोकत होती, आम्ही फोडलेलंच बी. गाडीच्या आवाजानं ती उभी राहिली, एक हात वर केला. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिले. गाडी वळणापर्यंत गेली तरी तिचा हात खाली आला नव्हता, आणि दुसऱ्या हातानं ती पदर डोळ्यांना लावत होती.